वाऱ्याचे पेढे

सन २०१९ची दिवाळी चार-पाच दिवसांवर आली होती. गुरुबसप्पा हातात पेढ्यांचा पुडा घेऊन गल्लीत घरोघर फिरत होते. आमच्या गल्लीत पेढे मुलाच्या नोकरीचे असतात, नाहीतर नातवाचे. समोरचे किराणावाले धोंडप्पा म्हणाले, "काय अप्पा, आणखी एक नातू झाला काय?"

"नातू हाय तेवढेच हायत. भोक लहान झालं."

"कशाचं भोक?"

"आभाळाचं."

धोंडप्पांनी पेढा तोंडात टाकला, मान वर करून आभाळाकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं बाबा. यंदा परतीच्या पावसात लई गळायलं होतं."

गुरुबसप्पा हसले नाहीत. त्यांनी मला पेढा दिला, घरात देण्यासाठी आणखी दोन दिले आणि घडी घातलेला पेपर उलगडून माझ्यापुढं धरला. "बाबूसाब, वाचा. तुमी वाचलेलं बरं, ह्या लोकांना माझं खरं वाटत न्हाई." बातमी लहानशीच होती. दक्षिण ध्रुवावर दरवर्षी ओझोनच्या थराला जे भोक पडतं, ते त्या साली गेल्या पस्तीसेक वर्षांतलं सगळ्यात लहान होतं. खाली दोन ओळी आणखी होत्या. तिकडच्या हवेत काही वेगळं घडल्यामुळं असं झालं असावं, असं त्यात म्हटलं होतं. त्या ओळी मी वाचल्या, त्यांनीही ऐकल्या. पण आनंदात असलेला माणूस बातमीचा शेवट कुठं धरून ठेवतो?

वाचनालयाच्या मुलांनी अंकासाठी ओळखीच्या माणसावर काहीतरी लिहून मागितलं, तेव्हा मला हेच पेढे आठवले. मी मुदखेडला रेल्वेत बुकिंग क्लार्क होतो. लिहिण्याची सवय नाही, आणि जे लिहीन ते बरोबर असेल याची खात्रीही नाही. पण गुरुबसप्पांच्या दुकानासमोर मुलाच्या घरात राहायला आल्यापासून माझ्या बहुतेक सकाळी त्यांच्या बाकावर गेल्या, तेव्हा निदान बघितलेलं तरी सांगता येईल.

गुरुबसप्पा मूळ जळकोटकडचे. घरची शेती होती, भाऊही बरेच होते. हे तरुणपणीच हैदराबादला गेले आणि एका फ्रिजवाल्याच्या हाताखाली काम शिकले. त्या काळी फ्रिज दुरुस्तीला आला की पहिलं काम म्हणजे नळी कापून आतला गॅस सोडून देणं. फुस्स आवाज व्हायचा, वास नाही, धूर नाही. कुणालाच त्यात काही वाटत नसे. लातूरला गंजगोलाईच्या मागं स्वतःचं दुकान टाकल्यावरही त्यांनी बरीच वर्षं तेच केलं.

मग सरकारच्या एका योजनेतून मेकॅनिक लोकांचं प्रशिक्षण निघालं. तिथं शिकवणाऱ्यांनी पडद्यावर पृथ्वीचं चित्र दाखवलं. खालच्या टोकाला निळा-जांभळा डाग होता. आपल्याकडच्या जुन्या फ्रिजातला आणि एसीतला गॅस वर जातो, उन्हातले विखारी किरण अडवणारा थर खातो आणि मग असा डाग पडतो, असं सांगितलं. गुरुबसप्पा म्हणत, "बाबूसाब, त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई. कायक म्हणजे कैलास, आपलं काम हाच सर्ग, असं आमच्यात सांगतात. मी लेकरावानी मान हालवून रोज म्हणत होतो. अन् माझं कायक काय? रोज उठून आभाळाला टोचणी लावायची."

परत आले ते गॅस ओढून घेण्याचं यंत्र आणि पिवळ्या गळ्याचा एक करडा सिलिंडर घेऊनच. तेव्हापासून त्यांच्या दुकानात गॅस हवेत सुटला नाही. एका फ्रिजला जिथं थोडा वेळ लागायचा तिथं दुप्पट लागू लागला. गिऱ्हाइकं कंटाळायची. पलीकडच्या चौकातले मेकॅनिक हसायचे. लक्ष्मम्मा, म्हणजे त्यांच्या पत्नी, बिदरकडच्या. जेवण घेऊन दुकानात आल्या की त्या सिलिंडरकडं बघून म्हणायच्या, "ह्याला बी वाढू का दोन भाकरी? माझ्यापेक्षा ह्याची काळजी जास्त." आणि गुरुबसप्पा काही बोलायला लागले की, "साकु, साकु," म्हणून हात हलवायच्या. पुरे, पुरे.

दुकानात दुसरा माणूस होता भागवत. मुरुडचा, शेतकऱ्याच्या घरातला, गुरुबसप्पांपेक्षा बराच लहान. आला तेव्हा कामाला म्हणून आला, पुढं भागीदार झाला. गॅसचं काम अप्पांचं, वायरिंग आणि कॉम्प्रेसर भागवतचा. वीस वर्षांच्या वर दोघं एकाच डब्यातलं खात होते. पण स्वभाव दोन टोकांचे. अप्पा गंभीर, भागवत सतत थट्टा करणारा. सकाळी शटर उघडलं की पहिला प्रश्न त्याचा, "अप्पा, रात्री भोक बुजलं का? का मी जाऊन ठिगळ लावू?"

अप्पा म्हणायचे, "तुझ्या तोंडाला आधी लाव."

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. लिंगायत शेतकरी सोमवारी बैलाला औताला जुंपत नाहीत. सोमवार महादेवाचा, नंदीच्या विश्रांतीचा. गुरुबसप्पांकडं बैल राहिले नव्हते, पण सोमवार राहिला होता. त्या दिवशी ते गॅसच्या कामाला हात लावत नसत. यंत्राला तेल द्यायचं, नळ्या पुसायच्या, सिलिंडरला भस्माची तीन बोटं ओढायची आणि दुपारी घरी जायचं. सोमवारी दुपारनंतर दुकानात भागवत एकटा असे.

पेढे वाटल्यानंतरची दिवाळी त्यांची फार सुखात गेली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते ती बातमी वाचून दाखवत. "जगभर माझ्यावानी किती मेकॅनिक असतील बघा. सगळ्यांनी गॅस धरून ठिवला, म्हणून हे झालं." मलाही ते खरंच वाटत होतं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये सगळं बंद झालं. गुरुबसप्पा आणि लक्ष्मम्मा जळकोटला भावाकडं गेले होते, तिथंच अडकले. भागवत लातुरात होता. दवाखान्यांचे आणि औषधाच्या दुकानांचे फ्रिज बंद पडून चालत नव्हते, म्हणून पास काढून तो एकटाच कामं करत होता. अप्पा परत आले तेव्हा दुकान झाडलेलं, हत्यारं जागच्या जागी. तेव्हा ते भागवतचं कौतुकच करत होते.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा बातमी आली. भोक मोठं झालं होतं. मोठं, खोल, आणि लवकर मिटण्याची चिन्हं नाहीत.

पेपर हातात घेऊन गुरुबसप्पा बाकावर बसून राहिले. चहा गार झाला. मग म्हणाले, "बाबूसाब, जग बंद होतं. गाड्या बंद, कारखाने बंद, सगळं बंद. मागल्या साली सगळं चालू असताना भोक लहान झालं. अन् यंदा बंद असताना मोठं? कुणीतरी सोडला गॅस."

धोंडप्पा दुकानातून ओरडले, "अप्पा, पेढे परत मागायलाव काय? माझा तर पचला!"

गुरुबसप्पांनी तिकडं बघितलंही नाही. त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता, आणि तो जगाचा न राहता दुकानाचा झाला. टाळेबंदीत दुकान कुणाच्या हातात होतं? भागवतच्या. सोमवारी दुकानात कोण असतं? भागवत. थट्टा कोण करतं? भागवत. ओढून घेण्याचा कंटाळा कुणाला यावा? दक्षिण ध्रुव लातूरपासून किती लांब आहे, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. मला वाटतं, ज्यानं इतकी वर्षं एकेका फ्रिजमागं आभाळाचं ऋण फेडलं, त्याला आभाळ आपल्या शटरच्या वरच असल्यासारखं वाटत असावं.

खंडेनवमी आली. दुकानात हत्यारांची पूजा मांडली होती. पाने, पक्कड, नळी कापायचं कटर, यंत्र, सिलिंडर, आणि मधोमध भागवतचा गेज. गेज म्हणजे घड्याळांसारख्या दोन तबकड्या असलेलं, गॅसचा दाब दाखवणारं साधन. पहिली कमाई जमवून भागवतनं ते स्वतःसाठी घेतलं होतं. सगळ्यांवर झेंडूची फुलं, आपट्याची पानं, भस्म. पूजेत ठेवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायचं नसतं.

आरती झाली. लक्ष्मम्मा प्रसाद वाटत होत्या. गुरुबसप्पा भागवतला म्हणाले, "ह्या सिलिंडरवर हात ठेव."

"कामून, अप्पा?"

"ठेव अन् सांग. सोमवारी मी नसताना गॅस बाहेर सोडला न्हाई म्हणून सांग. टाळंबंदीत सोडला न्हाई म्हणून सांग."

भागवतला आधी थट्टाच वाटली. "अप्पा, भोक माझ्या गच्चीवरून पडलं का काय?"

"हसू नको. हात ठेव."

भागवतचं हसू गेलं. लक्ष्मम्मा म्हणाल्या, "अहो, सणाचं काय हे! साकु." पण गुरुबसप्पा हात पुढं करून उभेच. भागवत खाली वाकला, फुलं बाजूला सारली आणि पूजेतून आपला गेज उचलला. त्यावरचं भस्म शर्टाच्या बाहीनं पुसलं. "वीस वर्सं ह्याच हातानं तुमचा गॅस धरला," एवढं म्हणाला आणि गेज काखेत मारून निघून गेला.

पूजेत गेजच्या जागी फुलांमध्ये एक गोल रिकामा राहिला. लक्ष्मम्मांनी तो फुलांनी भरला नाही.

त्यानंतर दुकान चालू राहिलं, पण आवाज गेला. सकाळी शटर उघडलं की अप्पा क्षणभर थांबत. भोकाबद्दल विचारणारं कुणी नव्हतं. कॉम्प्रेसरची कामं पडून राहू लागली, कारण त्यांचे डोळे आता बारीक तारांना पुरत नव्हते. भागवतनं मुरुडला स्वतःचं छोटं दुकान टाकल्याचं कळलं. एकदा गुरुबसप्पा आपणहून म्हणाले, "बाबूसाब, त्यानं हात का ठिवला न्हाई? सोडला नसता तर ठिवला असता की."

मी म्हणालो, "कदाचित म्हणूनच ठेवला नसंल."

"म्हणजे?"

त्यांचं मन खात होतं, एवढं मला कळलं. त्यांना भागवत हवा होता, आणि गॅस सोडणारा माणूस नको होता. दोन्ही एकाच वेळी होईना.

मुदखेडला माझ्याबरोबर पॉइंट्समन असलेल्या सहकाऱ्याची मुलगी लुंबिनी आता नांदेडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. लहानपणी ती स्टेशनवर माझ्या खिडकीजवळ बसून गाड्यांचे डबे मोजायची. मी तिला फोन केला आणि विचारलं, ओझोनचं भोक एका साली लहान आणि दुसऱ्या साली मोठं कसं होतं? ती हसून म्हणाली, "काका, फोनवर लई लांबंल. तुमच्या मित्राला घेऊनच या ना घरी. अन् माझा फ्रिज बी बघतील."

फ्रिजचं नाव घेतल्यावर गुरुबसप्पा तयार झाले. डिसेंबरचे दिवस होते. तोंडाला मास्क लावून आम्ही एसटीनं अहमदपूर, लोहा करत नांदेडला गेलो. वाटेत तुरीच्या शेंगा भरून आल्या होत्या. ते खिडकीतून बाहेर बघत होते, पण बघत नव्हते.

लुंबिनीनं चहा केला आणि म्हणाली, "अप्पा, हा फ्रिज मे महिन्यात नीट गार करत नव्हता. आमच्या इथला मेकॅनिक म्हणाला, गॅस गेला, भरावा लागंल. मी थांबले. आता थंडीत बघा, दुधावर बर्फ चढतंय."

गुरुबसप्पांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी उजळला. ते उठले, फ्रिजमागं हात घालून बघितलं आणि सुरूच झाले. "बघा मॅडम, ह्यो सगळ्या मेकॅनिक लोकांचा धंदा हाय. मे महिन्यात मागली जाळी उन्हानं तापती. आतली गरमी बाहेर टाकायला जागाच न्हाई. गॅस तेवढाच, पर गारवा कमी. गिऱ्हाईक म्हणतं गॅस गेला, मेकॅनिक म्हणतो हाव गेला. डिसेंबरात तोच गॅस बर्फ करतो. मी गिऱ्हाइकाला सांगून सांगून थकलो, बाबांनो, गॅस हाय तेवढाच हाय, मोसम बदलला. फ्रिज भिंतीपासून जरा पुढं वढा, बस."

"मग वरही तसंच आहे, अप्पा," लुंबिनी म्हणाली.

ते थांबले. "कुठं वर?"

तिनं पोळपाट आणला, त्यावर पीठ भुरभुरलं आणि बोटानं खालच्या कडेला एक वर्तुळ काढलं. तिचं बोलणं मी जमेल तसं सांगतो. चुकलं तर चूक माझी.

दक्षिण ध्रुवावर त्यांच्या हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. तेव्हा वर, फार उंचावर, ध्रुवाभोवती वाऱ्याचं एक मोठं कडं फिरत राहतं. कडं घट्ट असलं की बाहेरची उबदार हवा आत येत नाही आणि आतली हवा इतकी गार होते की तिथंही पातळ ढग बनतात. जुन्या फ्रिजांचा जो गॅस वर साठलेला आहे, त्यातला क्लोरीन त्या ढगांवर जागा होतो. मग सूर्य परत आला की तो ओझोन खायला लागतो.

"म्हणजे तिथं गारवा वाईट," गुरुबसप्पा म्हणाले. "मी जन्मभर गारव्यासाठी राबलो, अन् तिथं गारवाच वैरी."

"हाव. पण काही साली खालून हवेच्या मोठ्या लाटा उठतात. डोंगरावरून, समुद्र आणि जमिनीच्या फरकातून. त्या वर जाऊन त्या कड्याला धक्का देतात. कडं डळमळतं, आत उबदार हवा शिरते, ढग कमी होतात. भोक लहान पडतं. दोन हजार एकोणीसला तसं झालं. यंदा लाटा कमी होत्या. कडं शांत, घट्ट राहिलं. म्हणून भोक मोठं अन् लांबलेलं. गॅस दोन्ही साली जवळजवळ तेवढाच होता."

"गॅस तेवढाच," गुरुबसप्पा हळू म्हणाले.

"मोसम वेगळा," ती म्हणाली. मग तिनं पोळपाटावरच्या पिठाच्या मधल्या भागाकडं बोट केलं. "आणि आपल्यावरचा ओझोन सुद्धा एका जागी बसून नसतो. तो बराचसा आपल्या उष्ण पट्ट्यावरच बनतो आणि उंचावरचे वारे त्याला सावकाश ध्रुवांकडं नेतात. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ना, त्या एल निनोच्या काळात समुद्र तापला होता. तसं झालं की हवेचं ते वर चढणंही बदलतं. आपल्यावरचा थर थोडा पातळ होतो, ध्रुवांकडं जास्त जातो. पाऊस कुठं पडायचा ते ठरवणारे वारे, वरच्या थराचंही थोडं ठरवतात."

गुरुबसप्पा बराच वेळ पोळपाटाकडं बघत होते. त्यांना जो प्रश्न विचारायचा होता, तो ते कुठून धरावा म्हणून चाचपडत होते असं मला वाटलं. शेवटी म्हणाले, "एक सांगा मॅडम. समजा, एका माणसानं ह्या उन्हाळ्यात, लातूरला, दुकानात गॅस सोडला. तर तो यंदाच्या भोकाला लागंल का?"

"यंदाच्या? नाही. तो गॅस इतक्या वर चढायलाच काही वर्षं घेतो. अन् एकदा गेला की पन्नास-शंभर वर्षं जात नाही. आज वर जो आहे तो पूर्वी सुटलेला."

"म्हणजे भागवतचा न्हाई."

"कोण भागवत?"

गुरुबसप्पांनी पंच्यानं तोंड पुसलं, मास्क हनुवटीवर होता तो विनाकारण वर चढवला. नंतर म्हणाले, "मग मी पेढे वाटले ते?"

लुंबिनीला पेढ्यांची गोष्ट मी सांगितली. ती हसली, पण त्यांचा चेहरा बघून लगेच थांबली. "ते वाऱ्याचे पेढे होते, अप्पा. पण तुम्ही धरून ठेवलेला गॅस वर गेला नाही, हे खरं आहे. भोक हळूहळू भरून येतंय. त्याचा हिशेब एका सालावर करता येत नाही, चाळीस-पन्नास सालांवर करावा लागतो."

"पेढे बी वाऱ्याचे," गुरुबसप्पा म्हणाले, "अन् भांडण बी वाऱ्याचंच केलं मी."

परतीच्या गाडीत लोहा आलं. तसे गुरुबसप्पा म्हणाले, "जन्मभर गिऱ्हाइकाला शिकवलं की बाबा, गॅस गेला म्हणून मेकॅनिकवर ओरडू नको, आधी मोसम बघ. अन् मी सोता काय केलो? सगळ्यात अडाणी गिऱ्हाईक मीच निघालो."

जानेवारीत येळवस आली, वेळ अमावास्या. लातूरकडचा हा सण बाहेरच्यांना ठाऊक नसतो. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, करून तिच्यात पूजा मांडायची, भज्जी, उंडे, खीर, आंबील करायची आणि सगळ्यांनी शेतात बसून जेवायचं. येळवशीला आमंत्रण लागत नाही. वाटेनं जाणारा अनोळखी माणूससुद्धा हात धरून पंगतीत बसवतात. गुरुबसप्पा दरवर्षी भागवतच्या शेतात जात. त्या साली त्यांनी सकाळपासून धोतर नेसून ठेवलं होतं, पण उठत नव्हते.

लक्ष्मम्मा म्हणाल्या, "आमंत्रणाची वाट बघायलाव काय? बा, चला." बा म्हणजे कन्नडमध्ये ये. आणि मलाही बरोबर घेतलं.

मुरुडच्या बाहेर शेतात कोपीपाशी भागवतची आई विठाबाई बसली होती. लांबूनच ओरडली, "आलाव का अप्पा! म्या म्हणलं, औंदा आंबील कमी लागतीय का काय." भागवत हरभऱ्याच्या वाफ्यात उभा होता. त्यानं आम्हाला बघितलं, लक्ष्मम्मांच्या पाया पडला, मला नमस्कार केला, आणि अप्पांपुढं पत्रावळ मांडली. वाढत राहिला.

जेवता जेवता विठाबाई म्हणाली, "अप्पा, तुमी माझ्या पोराला काय करून सोडलाव? सोमवारी गिऱ्हाईक दारात हुबं ऱ्हातंय, अन् ह्यो म्हणतो, गॅसचं काम आज हुत न्हाई, उद्या या. म्या म्हणलं, अरं आपुन काय लिंगायत हाव का? गावात लोक हसाय लागलेत."

"गप ग आई," भागवत म्हणाला.

गुरुबसप्पांचा घास हातात राहिला. "कवापासून?"

"लातुरात व्हता तवापासूनच की," विठाबाई म्हणाली. "अप्पाचा सोमवार मोडायचा न्हाई म्हणं."

गुरुबसप्पा खाली बघत म्हणाले, "भागवता, गॅसला वर चढायला काही वर्सं लागतात म्हणं."

"मग?"

"मग तुझ्या दुकानातला गॅस ह्या सालच्या भोकापाशी कसा पोचंल?"

"हे तुमाला कुण्या मॅडमनं सांगायचं व्हतं व्हय?" भागवतचा आवाज चढला. आम्ही नांदेडला गेल्याचं त्याच्या कानावर आलेलं होतं. "वीस वर्सं मी समोर व्हतो."

"तू कुठं सांगितलास? तू गेज उचललास."

"तुमी हात ठिवायला सांगितलाव."

शेजारच्या शेतात पोरं ओरडत होती. मग गुरुबसप्पा म्हणाले, "चुकलं माझं. मे महिन्यातलं गिऱ्हाईक झालो होतो मी."

भागवतनं मडक्यात वाटी बुडवली. "आंबील घ्या," म्हणाला, आणि त्यांनी नको म्हणायच्या आत वाटी काठोकाठ भरली. लक्ष्मम्मा "साकु, साकु" म्हणाल्या तरी त्यानं आणखी ओतली.

भागवत लातूरच्या दुकानात परत आला नाही. मुरुडला त्याचं बस्तान बसलं होतं, आणि एकदा उचललेली काही हत्यारं जुन्या खिळ्यावर पुन्हा टांगली जात नाहीत. गुरुबसप्पांनीही तसा आग्रह धरला नाही. पण मुरुडला ओढून घेतलेला गॅस तो भरल्या सिलिंडरमधून अप्पांकडं घेऊन येतो, आणि कॉम्प्रेसरचं एखादं अडलेलं काम त्याच दिवशी करून जातो.

पुढच्या खंडेनवमीला सकाळी तो आला. पिशवीतून गेज काढला आणि पूजेत मधोमध ठेवला. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजेपर्यंत तो तिथंच राहिला. भागवत रिकाम्या हातानं मुरुडला गेला आणि दसऱ्याचं सोनं द्यायला आला तेव्हा घेऊन गेला. तेव्हापासून दर साली हेच चालू आहे.

भोक त्यानंतर दोन-तीन वर्षं मोठंच होतं. आता अलीकडं पुन्हा लहान झाल्याची बातमी आली. मी पेपर घेऊन दुकानात गेलो तर भागवतही सिलिंडर घेऊन आलेला होता. त्यानं बातमी वाचली, शेवटच्या ओळींसकट, आणि म्हणाला, "अप्पा, बुजायलंय की. पेढे कुठं हायत?"

गुरुबसप्पा सिलिंडरचा पिवळा गळा फडक्यानं पुसत होते. "वारा आणंल तवा खा," ते म्हणाले. "तवर ती नळी धर. घट्ट धर."

भागवतनं नळी धरली.